मला चित्र येत नाही!

बालमित्रांनो,

आणि डेअरीला दूध घालून परत जाताना आपल्या शाळेच्या व्हरांड्यात थांबून हे भित्तिपत्रक वाचणाऱ्या थोरांनो, आजचा पाठ तुम्हां दोघांसाठी आहे. एरवी माझा लेख एका कागदात मावतो. या वेळी चार कागद लागले. त्यांतले दोन मुलांच्या उंचीला, खाली लावले आहेत. थोरांनी थोडे वाकून वाचावे.

विषय आहे चित्र काढण्याचा. आपल्या शाळेत एक चित्र फार निघते. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी, एक नदी आणि दोन नारळाची झाडे. तुम्हांला ठाऊकच आहे. आता मला सांगा, आपल्या गावात नारळाचे झाड कोठे आहे? नदी कोठे आहे? आपल्याकडे ओढा आहे, बाभळी आहेत, पत्र्याची घरे आहेत, उसाचे ट्रॅक्टर आहेत. तरी वहीत नारळच! याचा अर्थ आपण डोळ्यांनी पाहून काढत नाही, शेजारच्याच्या वहीत पाहून काढतो.

आणि दुसरी गोष्ट. "मला चित्र येत नाही" असे पहिलीतला मुलगा कधीही म्हणत नाही. त्याला खडू द्या, तो हत्ती काढील, विमान काढील, आपल्या आईला घरापेक्षा उंच काढील. तिसरी-चौथीपासून मुले पाटी झाकून चित्र काढू लागतात. सातवीपर्यंत वर्गात चित्र काढणारे दोघे-तिघे उरतात, बाकीचे त्यांच्याकडून काढून घेतात. मोठ्या माणसांचे तर विचारूच नका. शंभरांतील नव्वद जण हसून म्हणतील, "छे छे, मला कुठलं चित्र येतंय!" पहिलीत येत होते ते गेले कोठे?

माझ्या हातून एकाचे कसे गेले ते आधी सांगतो. लपवून काय करायचे!

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी याच शाळेत होतो. तिसरीच्या वर्गाला मी 'बैलगाडी' हा विषय दिला. सर्वांनी बाजूने दिसणारी गाडी काढली : चाक, साटी, जू आणि बैल. एका मुलाने मात्र गाडी काढलीच नाही. कागदाच्या खालच्या अंगाला दोन रुंद पाठी काढल्या होत्या, त्यांच्या पुढे आडवे जू, वर चार शिंगे आणि मधून निघालेला रस्ता लांब जाऊन टोकदार झालेला. बैलांना ना पाय, ना तोंड. मी लाल पेनने लिहिले, "बैलाला चार पाय असतात. गाडी कोठे आहे?" दहापैकी तीन गुण दिले.

पुढे दोन वर्षांनी माझी बदली झाली. सामान स्टँडवर न्यायला एका पालकाने गाडी जुंपली. मी गाडीवानाच्या शेजारी पुढे बसलो आणि समोर पाहिले. दोन रुंद पाठी. आडवे जू. चार शिंगे. आणि लांब जाऊन टोकदार झालेला रस्ता. पाय दिसत नव्हते, तोंडे दिसत नव्हती, आणि गाडी तर कशी दिसणार, मी तिच्यातच बसलो होतो! त्या पोराने रोज बापाशेजारी बसून जे पाहिले तेच काढले होते. अख्ख्या वर्गात पाहून काढणारा तो एकटा होता आणि तीन गुण मी त्यालाच दिले होते. परत जाऊन त्याला सांगायला वेळ नव्हता, एसटी उभी होती.

आता थोडे लांबचे, पण याच विषयाचे. इंग्लंडमध्ये जॉन रस्किन नावाचे एक थोर लेखक होऊन गेले. त्यांचा जन्म १८१९ सालचा आणि मृत्यू १९०० सालचा. आपल्या थोरांपैकी काहींनी हे नाव गांधीजींच्या आत्मकथेत वाचले असेल. १९०४ साली दक्षिण आफ्रिकेत आगगाडीच्या प्रवासात गांधीजींनी ज्यांचे 'अन्टु धिस लास्ट' हे पुस्तक वाचले आणि पुढे 'सर्वोदय' या नावाने गुजरातीत आणले, तेच हे रस्किन.

हे रस्किन चित्रकलाही शिकवीत. कोणाला? १८५४ साली लंडनमध्ये कष्टकरी माणसांसाठी एक कॉलेज निघाले. दिवसभर काम करून लोक संध्याकाळी तेथे शिकायला येत. तेथे रस्किन चित्राचा वर्ग घेत. सुताराचा चित्रकार करावा, असा त्यांचा हेतू नव्हता. सुताराने सुतारच राहावे, पण चित्र काढायला शिकून त्याने सुतार म्हणून अधिक आनंदात जगावे, असे त्यांनी १८५७ साली एका सरकारी आयोगापुढे सांगितले. चित्र काढण्याने हात तयार होतो हे खरे, पण त्याआधी डोळा तयार होतो. चित्र काढायला बसलेला माणूस एखादी वस्तू जितकी पाहतो, तितकी एरवी कधी पाहत नाही, हे त्यांचे मुख्य सांगणे.

रस्किन यांनी १८७१ साली एक संस्था काढली होती, सेंट जॉर्ज गिल्ड. त्यांच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, म्हणजे २००० साली, या संस्थेने एक मोहीम सुरू केली. ऑक्टोबर महिन्यात जागोजागी लोकांना बोलवायचे आणि चित्र काढायला लावायचे. त्याला नाव दिले 'बिग ड्रॉ'. संग्रहालये, ग्रंथालये, शाळा, बागा, जेथे माणसे जमतात तेथे कागद पसरायचे. मुलांना तर बोलवायचेच, पण मुलांना सोडायला आलेल्या आईबापांना आणि आजी-आजोबांनाही खाली बसवायचे. आरंभी एका दिवसापुरती असलेली ही गोष्ट पुढे महिनाभर चालू लागली आणि इतर देशांतही पोहोचली. मुलांच्या पुस्तकांतील चित्रांसाठी प्रसिद्ध असलेले क्वेंटिन ब्लेक हे या मोहिमेच्या पाठीशी उभे राहिले. परदेशातले म्हणून मी कौतुक करीत नाही. पण "मला चित्र येत नाही" म्हणणाऱ्यालाच आधी बोलवायचे, ही त्यांची युक्ती मला फार पटली.

आता प्रत्यक्ष पाठ. हा भाग खालच्या कागदावर आहे, मुलांनी करून पाहावा.

ओढ्यातून मुठीएवढा गोल गोटा आणा. (रस्किन यांनी १८५७ साली चित्रकला शिकविण्याचे एक पुस्तक लिहिले, त्यातही ते विद्यार्थ्याला असाच एक गोटा आणायला सांगतात. नारळाचे झाड सांगत नाहीत!) गोटा दाराशी ठेवा, म्हणजे उजेड एकाच बाजूने येईल. पाच मिनिटे पेन्सिल हातात घ्यायची नाही, नुसते पाहायचे. सर्वांत उजळ जागा कोठे आहे? सर्वांत गडद कोठे? बहुतेक मुले सांगतात, उजेडाच्या उलट बाजूला, अगदी कडेला. नीट पाहा. कडेच्या थोडे आत एक गडद पट्टा दिसेल आणि अगदी कडेला पुन्हा किंचित उजळ असेल. तो उजेड जमिनीवर पडून गोट्याकडे परत आलेला असतो. खाली पांढरा कागद घाला, कड आणखी उजळेल. काळे कापड घाला, कड काळवंडेल. करून पाहा म्हणजे पटेल. आणखी एक शोधा : गोट्याभोवती काळी रेघ कोठे आहे? कोठेच नाही. एक रंग संपतो आणि दुसरा सुरू होतो, एवढेच. रेघ आपण काढतो. आता पेन्सिल घ्या, आणि आधी गडद भाग भरायला लागा. चार दिवस तोच गोटा काढा. चौथ्या दिवशी तो तुम्हांला दहा गोट्यांत ओळखू येईल.

दुसरा खेळ. समोरासमोर दोघे बसा. समोरच्याचा हात काढायचा, पण कागदाकडे पाहायचे नाही. डोळा हाताच्या कडेवरून मुंगीसारखा हळू चालवायचा आणि पेन्सिलही तितकीच हळू. चित्र वेडेवाकडे येणार, सगळ्यांचेच येणार. म्हणून तर हा खेळ मोठ्या माणसांना घेऊन खेळायचा. जे कोणालाच सरळ जमत नाही त्यात लाजायचे काय? आणि त्या वाकड्या रेघांत एखादे नख किंवा सांध्यावरची सुरकुती इतकी खरी उमटते की पाहून काढणाऱ्यालाही तशी साधत नाही.

गावाला एकत्र चित्र काढायला लावण्याचा माझा पहिला प्रयत्न मात्र साफ फसला. मी पुन्हा या शाळेत आलो त्या वर्षी आम्ही 'चित्रकला स्पर्धा, सर्वांसाठी खुली' अशी दवंडी दिली. तीन गट, तीन बक्षिसे, कंपासपेट्या. एक्केचाळीस मुले आली. मोठे माणूस एकही बसले नाही. सगळे कुंपणापाशी उभे राहून आत सूचना देत होते, "अरे हिरवा दे, हिरवा!" एका वडिलांनी तर मुलाच्या हातातून खडू घेऊन अर्धे आभाळ स्वतःच रंगवले. मी रागावलो. घरी गेल्यावर लक्षात आले, त्या माणसाचे हात शिवशिवत होते. पण स्पर्धा म्हटल्यावर तो स्वतःच्या नावाने कसा बसणार? हरला तर? चाळिशीच्या माणसाने दुसरीच्या पोराकडून हरायचे?

स्पर्धा वाईट असे मी म्हणणार नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा देऊन आपली कितीतरी मुले पुढे गेली, त्यांत स्मरणचित्र, स्थिरचित्र यांचा सराव चांगला होतो. पण सगळ्या गावाला बसवायचे असेल तर गुण आणि नंबर बाहेर ठेवावे लागतात.

गेल्या वर्षी आम्ही शाळा सोडून डेअरीवर गेलो. संध्याकाळी तेथे किटल्या घेऊन माणसे रांगेत उभी असतात. फॅट लागेपर्यंत हात रिकामेच. खाकी कागद खळीने जोडून एकवीस फूट लांब केला आणि डेअरीच्या भिंतीला लावला. शेजारी कोळशाच्या काड्या ठेवल्या. त्या आम्हीच केल्या होत्या. तुराट्यांचे वीतभर तुकडे सोलून पत्र्याच्या डब्यात घट्ट भरायचे, झाकणाला खिळ्याने एक भोक पाडायचे आणि डबा चुलीच्या निखाऱ्यात ठेवायचा. भोकातून आधी धूर येतो. धूर थांबला की मोठ्या माणसाने डबा चिमट्याने बाहेर काढायचा. पूर्ण थंड होईपर्यंत उघडायचा नाही. गरम उघडला तर आत वारा जाऊन काड्या पेट घेतात आणि हाती राख येते. आमचा पहिला डबा असाच गेला.

कागदाच्या वर मुलांनी लिहिले होते : "स्टँडवरचा वड आम्ही पाहिला नाही. तुम्ही पाहिला आहे. दाखवा."

रस्ता रुंद करताना तो वड गेला. पहिली-दुसरीच्या मुलांना तेथे वड होता हेच खरे वाटत नाही.

पहिली दहा मिनिटे कोणी पुढे आले नाही. मग दिवसभर आकडे लिहून कंटाळलेले डेअरीचे सेक्रेटरी उठले आणि त्यांनी एक गोल काढून म्हटले, "हा पार." झाले! "पार गोल कुठं होता? चौकोनी होता." "चौकोनी आधी. सरपंचांनी बांधला तो गोल." "पायऱ्या इकडं नव्हत्या." जो आक्षेप घेई त्याच्या हातात आमची मुले कोळसा देत, "मग तुम्ही काढा." असे करता करता सतराजण काढून गेले. एका आजोबांनी अर्ध्या झाडाला लांब पारंब्या काढल्या आणि अर्ध्याला आखूड. मुले हसली. आजोबा म्हणाले, "रस्त्याकडच्या छाटायचे रे. एसटीच्या टपाला लागायच्या." हे गावात सगळ्यांना ठाऊक होते आणि सगळे विसरले होते. बायकांनी खोडाला वटपौर्णिमेचे दोरे काढले. एक जण नुसतीच सावली काढून गेला, सकाळची इकडे आणि दुपारची तिकडे. बाजाराच्या दिवशी त्याचा चपलांचा गाळा त्या सावलीबरोबर सरकत असे.

एक माणूस बराच वेळ खांबाशी उभा होता. वड तोडण्याच्या कामावर तो मजूर होता. हुकूम झाला, रोज मिळाला, त्याने काम केले. पण गावात अजून त्याला बोल लावतात. तो शेवटी आला आणि त्याने झाड काढलेच नाही. एक मोठे वर्तुळ काढले, त्यात एका बाजूला वळ्यांवर वळे आणि मध्ये काळीभोर पोकळी. म्हणाला, "आतून असा होता. एवढं भगदाड. आम्ही दोघं आत मावलो असतो." आम्ही सर्वांनी वड बाहेरूनच पाहिला होता. त्याच्याशी भांडायला कोणी उठले नाही. एकाने विचारले, "केवढा होता रे बुंधा?" त्याने दोन्ही हात पसरले, मग थोडा विचार करून म्हणाला, "असे अडीच."

आणि मग किटली घेऊन तो आला, माझा तीन गुणांचा विद्यार्थी. आता त्याची मुलगी दुसरीत आहे. मी कोळसा पुढे केला तर मोठ्याने हसून म्हणाला, "गुरुजी, मला चित्र येत नाही. तुम्हीच तीन मार्क दिले होते की!" सगळी रांग हसली. मला हसू आले नाही. मी तेथेच सर्वांदेखत सांगितले की, ते गुण चुकले होते आणि मी बैलगाडीत बसल्यावर मला ते कळले. त्याला तो लाल शेरा अक्षरन् अक्षर पाठ होता, एवढ्या वर्षांनी!

त्याने किटली खाली ठेवली. कागदाच्या अगदी टोकाला, सही करावी तितक्या झटपट, दोन रुंद पाठी काढल्या, आडवे जू, चार शिंगे, लांब जाऊन टोकदार झालेला रस्ता आणि त्या टोकाला बोटभर वड. मुलगी म्हणाली, "पप्पा, पाय कुठायत?" तो म्हणाला, "गाडीत बसल्यावर दिसत न्हाईत." त्यांच्या घरी आता ट्रॅक्टर आहे. ती पोरगी बैलगाडीत कधी बसलेली नाही.

एका आजींनी मात्र कोळशाला हात लावला नाही. "काळं कशाला? रांगोळी आणा," म्हणाल्या. डेअरीपुढच्या फरशीवर त्यांनी ठिपके मांडून बघता बघता पानापानांचा वड उठवला आणि वर आम्हांलाच विचारले, "याला चित्र म्हणत्यात व्हय?" पन्नास-साठ वर्षे रोज सकाळी दारात चित्र काढणाऱ्या बाईला आपण चित्र काढतो हे ठाऊक नाही! मुलांनी तो वड वहीत उतरून घेतला म्हणून बरे. सकाळच्या दुधाला म्हशी त्याच्यावरून गेल्या.

आपल्या कुंपणाच्या भिंतीवर वारली चित्रे आहेत ना? त्रिकोणांची माणसे आणि तारपा वाजवणारा? ती रंगाऱ्याने पुस्तकात पाहून काढली. पण मूळ चित्रांची गोष्ट आजींच्या रांगोळीसारखीच आहे. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात (त्यातून २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला) वारली लोकांच्या लग्नघरी सुवासिनी एकत्र बसून गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. कोणी त्यांना चित्रकार म्हणत नव्हते. लग्न आहे, सगळ्या जमल्या आहेत, म्हणून काढायचे. १९७० च्या सुमारास भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराने तेथे कागद नेला आणि जिव्या सोमा मशे यांची चित्रे पुढे जगभर गेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते वारले. याच भास्कर कुलकर्णींना त्याआधी, १९६६ च्या सुमारास, दुष्काळात लोकांना चार पैसे मिळावेत म्हणून बिहारमधील मधुबनीला पाठविले होते. तेथेही घरोघरीच्या बायका भिंतीवर काढीत तेच कागदावर काढू लागल्या. माणसे चित्र काढतच होती. कोणीतरी जाऊन त्यांच्यापुढे कागद ठेवायचा होता.

आपला एकवीस फुटी कागद चौथीच्या वर्गात लावला आहे. त्यात सतरा वड आहेत आणि एकही दुसऱ्यासारखा नाही. ज्यांना वाटते की पायऱ्या चुकल्या, त्यांनी येऊन दुरुस्त कराव्यात. जागा शिल्लक आहे.

या वर्षीचा विषय 'हात' हा आहे. येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मुले जेवून येतील आणि संध्याकाळच्या दुधाच्या वेळी डेअरीवर बसतील. एका मुलासमोर एक मोठे माणूस. मुलाने मोठ्याचा हात काढायचा, मोठ्याने मुलाचा, कागदाकडे न पाहता. कोणाच्या चित्रावर नाव घालायचे नाही, गुण द्यायचे नाहीत, आणि मी लाल पेन घरी ठेवून येणार आहे. फॅट लागेपर्यंत जेवढे होईल तेवढे करावे. किटली धरायला चौथीची मुले उभी राहतील.

कोळशाचे दोन डबे तयार आहेत. तिसऱ्यासाठी तुराट्या हव्यात. कोणाकडे असतील तर शुक्रवारपर्यंत वर्गात आणून द्याव्या. आजींसाठी पांढरी रांगोळी आणली आहे. पत्र्याचा एक रिकामा डबाही हवा आहे, झाकणासकट.